मदत हवी आहे: वडिलांची ११ वर्षांपासूनची ॲस्पिरिन, चालू ठेवायची का?

आमचे आप्पा, वय ७४, चोपड्याजवळच्या खेड्यात राहतात, बीपी आहे, शुगर नाही. हार्ट अटॅक, स्टेंट, लकवा कधीच काही झालेलं नाही, दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी आणि टूडी इको नॉर्मल. तरी ११ वर्षांपासून रोज ७५ची ॲस्पिरिन चालू आहे, रक्त पातळ राहावं म्हणून.

मी २०१८चा ॲस्प्री अभ्यास वाचला, त्यात बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, हार्टचा आजार नसलेले १९ हजारांवर लोक होते, रोज १०० मिलीग्रॅम देऊनही फायदा दिसला नाही, उलट मोठा रक्तस्राव ३.८ टक्के लोकांना झाला, ॲस्पिरिन नसलेल्यांत २.८. फरक लहान वाटेल, पण आप्पांच्या हिरड्यांतून आता रक्त येतंय आणि गुडघ्यांसाठी ते मधूनमधून पेनकिलरपण घेतात, त्यामुळे जीवाला घोर लागलाय.

गावातल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणे इतकी वर्षं चालू आहे तर राहू द्या. जळगावच्या हार्टवाल्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत गोळी आमच्या मनानं बंद करणार नाही. अमेरिकेतली २०२२ची शिफारसपण साठीनंतर *नवीन* सुरू करू नका अशी आहे, आमचा प्रश्न जुन्या गोळीचा आहे.

कुणाच्या घरी अशी वर्षानुवर्षांची ॲस्पिरिन डॉक्टरांनी थांबवली असेल तर आधी कोणत्या तपासण्या केल्या, गोळी एकदम बंद केली की हळूहळू, आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आम्ही आधीच काढून न्यावा का?