नामवंत लोक सांगतात, म्हणून आपणही बायपोलर सांगून टाकायचं का?

रात्रपाळी

आठ महिन्यांपूर्वी निदान झालं, बायपोलर टू, म्हणजे मन कधी फार खाली तर कधी नको इतकं वर जाण्याचा आजार. त्याआधी दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. मग एक महिना असा आला की चार तास झोपून मी दिवसभर पळत होतो. तीन ऑनलाइन कोर्स विकत घेतले, एकही उघडला नाही. टीमलीडला रात्री दीड वाजता 'आपली सगळी सिस्टीमच चुकीची आहे' असा अकरा मुद्द्यांचा मेल टाकला. डॉक्टरांनी तो मेल वाचायला मागितला आणि म्हणाले, हे नुसतं डिप्रेशन नाही. आता लिथियम या औषधावर आहे.

तर माझी ताई. जीव लावते, त्याबद्दल वादच नाही. पण रोज सकाळी तिची एक लिंक येते. 'बायपोलर असूनही यशस्वी झालेले दहा जण.' सेलेना गोमेझ आणि मराया कॅरी या गायिका, कॅथरीन झीटा-जोन्स ही नटी, स्टीफन फ्राय हा नट. खाली ताईचं वाक्य: 'बघ, कुठे पोचलेत!' मला वाचून उलट चीड येते. त्यांना सांभाळायला माणसं असतात, सहा महिने काम केलं नाही तरी भागतं. मी आधी व्हायरल ताप आणि नंतर पाठदुखी सांगून एकवीस दिवस रजा काढली. आता तिचं म्हणणं, एवढी मोठी माणसं सांगतात तर तू कशाला लपवतोस, सांगून मोकळा हो.

या लोकांच्या गोष्टींचा तुमच्यापैकी कुणाला खरोखर काही उपयोग झालाय का? आणि ऑफिसात सांगावं का? 'डॉक्टरांना विचारा' हे उत्तर नको, ते विचारून झालंय. ते म्हणाले, 'तुमचा निर्णय.'

आडवाट

उपयोग झाला, पण मला नाही, आईला. सेलेना गोमेझने २०२० मध्ये माइली सायरसच्या इन्स्टाग्राम कार्यक्रमात बोलता बोलता सांगितलं होतं, ती क्लिप मी आईला दाखवली. आईला ना ही माहीत ना ती. सगळं बघून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "हिच्या आईला कळलं तेव्हा काय झालं असेल गं?" त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा या विषयावर बोललो.

ऑफिसात मी सांगितलं होतं. आता मी जरा जोरात हसले तरी दोघं जण एकमेकांकडे बघतात.

मुद्रितशोधक

रात्रपाळी, तुला अरे-तुरे करते, तेवढी मोठी आहे मी. लिथियमवर एकोणीस वर्षं झाली. पोटापाण्याचा धंदा मुद्रितं तपासण्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा. त्या सवयीने ताईच्या यादीतली पहिली चूक सांगते: यादीत सनावळ्या नाहीत.

मी एकदा बसून त्या लिहून काढल्या होत्या, वहीच्या मागच्या पानावर. मराया कॅरीचं निदान २००१ चं, लोकांना सांगितलं २०१८ मध्ये. मधली बरीच वर्षं ती आपल्याला झोपेचा काहीतरी आजार आहे असंच धरून चालली होती. पॅटी ड्यूक, जिला सोळाव्या वर्षी ऑस्कर मिळालं, तिचं निदान १९८२ चं आणि आत्मचरित्र १९८७ चं. स्टीफन फ्राय १९९५ मध्ये लंडनमधलं चालू नाटक टाकून कुणाला न सांगता बेल्जियमला निघून गेला. बीबीसीवर स्वतःच्या आजाराबद्दलचा त्याचा माहितीपट आला २००६ मध्ये. आणि झीटा-जोन्सची बातमी २०११ मध्ये आली ती उपचारांच्या निवेदनातून. नंतर ती म्हणालीच, स्वतःची दुखणी छपरावर चढून ओरडणाऱ्यांतली मी नव्हे.

म्हणजे आपण मुलाखत वाचतो ती एका दुपारची. तिच्या मागे पाच, अकरा, सतरा वर्षं गेलेली असतात. तुझे झालेत आठ महिने.

आता माझं सांगते. मी थांबले नव्हते.

निदानानंतर दुसऱ्या वर्षी मला वाटलं आपण बऱ्या झालो, आणि मी गोळ्या सोडल्या. पंधरा-वीस दिवसांत वर गेले. ते कळलं नाही, कारण वर जाताना कळत नाहीच, नुसतं हुशार झाल्यासारखं वाटतं. एका पहाटे तीन वाजता मी त्रेचाळीस जणांना एकच मेल पाठवला. त्यात मुद्रक होता, दोन अक्षरजुळणीवाले होते, आणि एक कवी होते ज्यांच्या संग्रहाची मुद्रितं महिनाभर माझ्याकडे पडून होती. विषय होता 'एक आनंदाची बातमी', पुढे चार उद्गारचिन्हं. मी, जी लोकांची दोन उद्गारचिन्हं सुद्धा छाटते! मजकूर असा की मला बायपोलर आहे, मला त्याचा अभिमान आहे, आणि आपण सगळे मिळून एक मासिक काढू या. दोघांचं उत्तर आलं, 'हार्दिक अभिनंदन.' त्यांनी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तेच त्यातल्या त्यात बरे. बाकीच्यांनी वाचलं होतं.

पुढचे चार महिने अंथरुणात गेले. उठून बसल्यावर जाणवलं की तो मेल म्हणजे मनमोकळेपणा नव्हता, तो आजारच होता. तुझ्या अकरा मुद्द्यांसारखाच. तेव्हापासून मी वर असताना कुणाला काही सांगत नाही आणि खाली असतानाही नाही. खाली असताना सांगितलं की माफी मागितल्यासारखं होतं, आणि मग समोरचा खरंच माफ करायला बसतो.

शेवटी नीट सांगितलं ते एकाच व्यक्तीला, आमच्याकडच्या एका सहकारी बाईंना. तेही वर्षभर सपाट, ना वर ना खाली, गेल्यावर. आजाराचं नाव एका वाक्यात सांगितलं आणि बाकी वेळ कामाचं बोलले. मुद्रिताच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांना मी वर जात असल्याच्या तीन खुणा लिहून दिल्या: रात्री अकरानंतर माझा फोन आला तर, मी एका दिवसात नेहमीच्या दुप्पट पानं काढली तर, आणि मी चुका सोडून लेखकाची वाक्यंच बदलायला लागले तर. तिसरी खूण त्यांनीच दोनदा पकडली. दुसऱ्या वेळी नुसता कागद माझ्यापुढे ठेवला. समासात माझ्याच पेन्सिलीने लिहिलेलं, 'हा परिच्छेद मी लिहिला असता तर'. खाली आख्खा परिच्छेद. मी गुपचूप डॉक्टरांना फोन केला.

उपयोगाचं विचारलंस, तर झाला. पण याद्यांचा नाही, बारीकसारीक तपशिलांचा. जेन पॉली ही अमेरिकेतली वृत्तनिवेदिका. तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठायच्या, त्यावर स्टेरॉइड दिलं गेलं आणि त्या औषधानंतर पन्नाशीत तिची आजाराची पहिली मोठी फेज आली. निदान २००१ मध्ये. हे मी वाचलेलं होतं म्हणून, माझ्या खांद्याच्या दुखण्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहायला घेतलं तेव्हा मी तोंड उघडलं. त्यांनी पेन खाली ठेवला आणि माझ्या सायकियाट्रिस्टला फोन लावला.

दुसरी, के रेडफील्ड जेमिसन. ती स्वतः या आजाराची तज्ज्ञ, जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक, आणि १९९५ मध्ये आपल्याला हाच आजार असल्याचं पुस्तकात लिहून मोकळी झाली. त्यात तिने लिहिलंय की जास्त डोसच्या लिथियमवर तिला कित्येक वर्षं पुस्तक वाचताच येत नव्हतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागायची. डोस कमी झाल्यावर वाचन परत आलं. मी हे वाचलं तेव्हा एकेक पान चार वेळा वाचत होते आणि समजत होते की वय झालं, धंदा संपला. डॉक्टरांना म्हटलं, असं असं होतंय. त्यांनी रक्तातली लिथियमची लेव्हल बघून डोस थोडा उतरवला. दोन महिन्यांत ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा डोळ्यांना टोचायला लागले. इतका आनंद मला त्या चार उद्गारचिन्हांतही झाला नव्हता.

तिसरी खोली

वरच्या ताईंना दंडवत. मी आजारी नाही, माझा मेहुणा आहे. कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅपरने २०१८ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरच लिहिलं की बायपोलर असण्याचा वैताग येतो आणि ते भारीही आहे. मेहुण्याने त्यातलं 'भारी' तेवढं घेतलं आणि गोळ्या कुंडीत टाकायला लागला. बायकोला माती उकरताना सापडल्या.

उलट हनी सिंगची गोष्ट कामाला आली. त्याने २०१६ मध्ये सांगितलं की तो दीड वर्ष गायब होता ते याच आजारामुळे, आणि तेवढ्यात त्याने चार डॉक्टर बदलले. आमचा तेव्हा तिसरा चालू होता आणि मेहुणा म्हणत होता, आता बास. मी म्हटलं, त्याचा चौथा लागला, आपला तिसरा बघू तरी. लागला!

ऑफिसबद्दल मात्र जपून. १९७२ मध्ये अमेरिकेत थॉमस ईगलटन उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. डिप्रेशनसाठी विजेच्या शॉकचे उपचार घेतल्याचं उघड झालं आणि उमेदवारी मिळाल्यापासून अठरा दिवसांत ती गेली. पुढे पॅट्रिक केनेडी बायपोलर उघड असूनही अमेरिकेच्या संसदेवर निवडून आला, आणि २००८ मध्ये मानसिक आजारांना विम्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीने वागवणारा कायदा पुढे रेटणाऱ्यांत तो होता. काळ बदलला म्हणा. पण आडनाव केनेडी होतं हेही विसरू नका. आपली आडनावं निराळी.

कोरापान

सगळे इतकं नकारात्मक का बोलताय? चित्रकार व्हॅन गॉगच्या वाढदिवशी, ३० मार्चला, जागतिक बायपोलर दिवस असतो. ही एक देणगी पण आहे. प्रतिभा आणि हे हातात हात घालून येतं.

मुद्रितशोधक

कोरापान, व्हॅन गॉगच्या हयातीत त्याच्या डॉक्टरांनी अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, लिहिलं होतं. मेलेल्या माणसाला आजार चिकटवला तर तो तक्रार करायला येत नाही. माझ्या वहीत मी फक्त स्वतःच्या तोंडाने सांगितलेले घेते.

देणगीबद्दल. फ्रायने त्या माहितीपटात लोकांना विचारलं होतं की एक बटण दाबलं आणि हा आजार कायमचा गेला, तर दाबाल का? बहुतेकांनी नाही म्हटलं. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून मोठ्याने म्हटलं होतं, "मी दाबीन, आत्ता." अजूनही दाबीन. वर असताना मी जे लिहिलं ते सगळं माझ्याकडे आहे, आणि मी ते व्यावसायिक नजरेने तपासलंय. छापण्यासारखं एक पान नाही. ज्यांचं निघतं त्यांचं निघो.

रात्रपाळी, एक राहिलं. 'स्टार वॉर्स'मधली नटी कॅरी फिशर, तिचं निदान चोविसाव्या वर्षीचं, आणि ते तिने बराच काळ मानलंच नव्हतं. मानल्यावर मात्र इतकं उघड बोलली की तोड नाही. शॉक घेतल्याचंही सांगितलं. आणि तरी २०१३ मध्ये एका जहाजावर कार्यक्रम करताना भर रंगमंचावर तिची फेज दिसली, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. महिन्याभरात ती पुन्हा त्यावर बोलत होती. २०१६ मध्ये गेली, तेव्हा अस्थी ठेवल्या त्या प्रोझॅक या डिप्रेशनवरच्या गोळीच्या आकाराच्या मोठ्या पात्रात. ते तिच्याच आवडीचं होतं. ताईला यादीतलं काही ठेवायचंच असेल तर म्हणावं हिला ठेव, आणि २०१३ सकट ठेव.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. कुंडीतल्या गोळ्या वाचून हसलो आणि मग नाही हसलो.

ऑफिसात सध्या सांगत नाही. बाजूच्या टेबलावर एक जण आहे. त्या अकरा मुद्द्यांचा मेल त्यालाही सीसी होता आणि त्याने आजवर एका शब्दाने विषय काढलेला नाही. सहा महिने सपाट गेले तर त्याला सांगेन. खुणांचा कागद काल बसून लिहिला. दोनच सुचल्या: रात्री मेल, आणि कोर्स विकत घेणं. तिसरी ताईला विचारली. ती पटकन म्हणाली, "तू वर असलास की माझ्या लिंकांना उत्तरं देतोस, लांबलचक." मी जुने मेसेज मागे जाऊन बघितले. बरोबर आहे.

मुद्रितशोधक ताई, उद्या माझी लिथियम लेव्हलची टेस्ट आहे. सकाळची गोळी घेऊन जायचं की आधी टेस्ट?

मुद्रितशोधक

आधी टेस्ट. रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं, म्हणून रात्री किती वाजता घेतलीस ते लिहून ठेव. सकाळची गोळी खिशात ने आणि सुई काढली की तिथेच घे. थायरॉइड आणि किडनीसाठीचं क्रिएटिनिनही याच वेळी आहे का, विचार. आणि त्या पाठदुखीसाठी, खोटी होती ना ती? खरी कधी झालीच तर दुकानातून आयबुप्रोफेन आणून खाऊ नकोस, लेव्हल वर जाते.

रात्रपाळी

खोटी होती. आता खरी दुखतेय. नाही खात.