रिकाम्या खोल्यांतील फोनवर बाहेरून येणारे कॉल कसे अडवावेत?

तिसरा_मजला

नमस्कार. मी नाशिकमधील एका १६० खाटांच्या खासगी रुग्णालयात संगणक आणि दूरध्वनी असे दोन्ही विभाग सांभाळतो. आमच्याकडे ६२ खासगी खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत खाटेशेजारी फोन आहे. खोलीचा क्रमांक तोच एक्स्टेन्शनचा क्रमांक, म्हणजे ३१२ मधील फोन ३१२. ईपीएबीएक्स, म्हणजे रुग्णालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, दोन वर्षांपूर्वी बदलले; आता संगणकावर चालणारे ॲस्टरिस्क हे एक्स्चेंज सॉफ्टवेअर आहे आणि बाहेरच्या जगाशी एक पीआरआय ही डिजिटल लाइन, म्हणजे एका वेळी ३० संभाषणे. मुख्य क्रमांकावर फोन करणाऱ्याला स्वागताची ध्वनिफीत ऐकू येते आणि ती चालू असतानाच त्याने तीन आकडे दाबले, तर तो ऑपरेटरला न गाठता थेट खोलीत पोहोचतो.

अडचण रिकाम्या खोल्यांची आहे. आधीच्या रुग्णाचे नातेवाईक तोच क्रमांक फिरवत राहतात आणि बंद दाराआड फोन वाजत राहतो, तो शेजारच्या खोलीतील रुग्णाला ऐकू येतो. तेवढेच असते तर चालवून घेतले असते. पण गेल्या महिन्यात कोणीतरी दुपारी ३०१ पासून ओळीने आकडे फिरवत गेला आणि ‘बिलिंगमधून बोलतोय, अनामत कमी पडली आहे, सांगतो त्या क्रमांकावर यूपीआय करा’ असे सांगत सुटला. पैसे कोणी दिले नाहीत. मात्र ३०७ मध्ये फरशी पुसणाऱ्या मावशींनी फोन उचलून, आधीचे पेशंट सकाळीच घरी गेले आणि त्यांचे गाव कोणते, हे सगळे भाबडेपणाने सांगून टाकले.

सध्या ऑपरेटर संध्याकाळी डिस्चार्जची यादी पाहून रिकाम्या खोल्यांचे फोन डीएनडीवर, म्हणजे ‘व्यत्यय नको’ या सुविधेवर टाकतात. रात्री भरती झालेल्या रुग्णाचा फोन त्यामुळे सकाळपर्यंत बंदच राहतो. एका आजींच्या मुलीला बहारीनहून रात्रभर आईशी बोलता आले नाही. हे काम आपोआप होण्यासाठी कोणी काही व्यवस्था केली आहे का?

क्रोन_टूल

सर्वप्रथम डीएनडीचा उपयोग थांबवावा, कारण तो फोनच बंद करतो आणि आपल्याला तर केवळ बाहेरून येणारी वाट बंद करायची आहे. डीएनडी लागल्यावर नर्सिंग स्टेशनवरून सिस्टरांनी खोलीत केलेला फोनही लागत नाही, आणि रिकाम्या खोलीत कोणी नसते हे गृहीतकच चुकीचे आहे: तिथे मावशी असतात, वातानुकूलन यंत्राचा मेकॅनिक असतो, पुढच्या रुग्णाचे सामान घेऊन आलेला मुलगा असतो.

ॲस्टरिस्कमध्ये पीआरआयवरून आलेला कॉल स्वतंत्र कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे नियमांच्या वेगळ्या संचात, उतरतो. स्वागताच्या ध्वनिफितीदरम्यान दाबलेले आकडे जिथे तपासले जातात, नेमकी तिथेच एक अट घालावी. ॲस्टरिस्कच्या पोटात छोटा डेटाबेस असतो आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी त्यातील नोंदी टिकतात. त्यात ३१२ च्या नावे ‘रिकामी’ अशी खूण असेल, तर कॉल ऑपरेटरकडे वळवावा, नसेल तर खोलीत वाजू द्यावा. अंतर्गत कॉन्टेक्स्टला हात लावू नये. ऑपरेटरने स्वतः जोडून दिलेला कॉल अंतर्गत धरला जातो, त्यामुळे तोही पोहोचेल. इथे खूण रिकाम्या खोलीला करायची, भरलेल्या खोलीला नाही, हे मुद्दाम सांगतो: नोंद हरवली किंवा कोणी करायला विसरले, तर फार तर रिकाम्या खोलीत फोन वाजेल, रुग्णाचा फोन मुका होणार नाही.

खोली रिकामी होताना आणखी दोन गोष्टी पुसाव्या लागतात. एक, रुग्णाने स्वतःच्या मोबाइलवर लावून ठेवलेले कॉल फॉरवर्डिंग. दुसरी, पहाटेचा गजर. मी पूर्वी जिथे देखभालीला जात असे, तिथे एका काकांनी पाच वाजताचा गजर लावला होता; काका घरी गेल्यावर सहा दिवस तो रिकाम्या खोलीत वाजत होता आणि रात्रपाळीच्या सिस्टर त्याला भुताचा फोन म्हणत.

ज्यांच्याकडे जुने ईपीएबीएक्स आहे त्यांनी त्यातील हॉटेलसाठीची चेक-इन, चेक-आउट सुविधा तपासावी, मात्र पुष्कळ यंत्रांत चेक-आउट केल्यावर केवळ बाहेर जाणारे कॉल बंद होतात.

एडीटी_वाचक

ही खूण कोणी आणि केव्हा करायची, हा प्रश्न खरा अवघड आहे. आपले एचआयएस, म्हणजे रुग्णांच्या नोंदी ठेवणारी रुग्णालयाची संगणक प्रणाली, एचएल७ या रुग्णालयीन प्रणालींच्या ठरावीक भाषेत संदेश पाठवत असेल, तर वरवर पाहता सगळे सोपे दिसते: ए०१ म्हणजे भरती, ए०२ म्हणजे एका खाटेवरून दुसरीवर हलवणे, ए०३ म्हणजे डिस्चार्ज. संदेशातील पीव्ही१ या ओळीतील तिसऱ्या रकान्यात रुग्णाची सध्याची जागा असते आणि सहाव्यात आधीची, त्यामुळे ए०२ आल्यावर एक खोली उघडायची आणि दुसरी बंद करायची. रद्द केलेल्या नोंदी विसरू नयेत. ए११ भरती रद्द करतो आणि ए१३ डिस्चार्ज रद्द करतो, आणि ए१३ वाचला नाही, तर खोलीत बसलेल्या रुग्णाचा फोन बंद राहतो.

आमचा घात मात्र ए०३ ने केला. आमच्या एचआयएसमध्ये तो संदेश अंतिम बिल बंद होताच सुटतो. आता आपल्याकडे डिस्चार्ज कसा होतो ते आपण सगळे जाणतो: डॉक्टर सकाळी राउंडला ‘आज घरी जा’ म्हणतात, अकराच्या सुमारास बिल तयार होते, कागद टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, जातात आणि मग रुग्ण कपडे बदलून, पिशव्या भरून, खाटेच्या कडेवर बसून राहतो. विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात अंतिम मंजुरीसाठी ३ तासांची मर्यादा घातली आहे. म्हणजे नियमाने सगळे पार पडले तरी ते ३ तास रुग्ण खोलीतच असतो, आणि ‘गाडी घेऊन केव्हा येऊ?’ असे विचारणारे घरचे फोन नेमके त्याच वेळात येतात. आम्ही सुरुवातीला ए०३ वर फोन बंद केले आणि दुपारी ऑपरेटरच्या बोर्डावर रांग लागली.

आता आम्ही ए०३ कडे दुर्लक्ष करतो. हाउसकीपिंगच्या मुकादमाने टॅबवर खोली ‘सफाईसाठी ताब्यात’ अशी नोंदली, की एचआयएस खाटेची स्थिती सांगणारा ए२० संदेश पाठवते आणि त्यावर फोन बंद होतो. मात्र ए०१ आल्याबरोबर, दुसऱ्या कशाचीही वाट न पाहता, फोन उघडतो. संदेशांचा दुवा अर्धा तास गप्प राहिला, तर सगळ्या खुणा आपोआप पुसल्या जातात. सेमी-प्रायव्हेट खोल्यांत एका खोलीत दोन खाटा असतात, म्हणून खूण खोलीला नव्हे, खाटेला जोडावी.

बोर्डावरच्या_बाई

मी २६ वर्षे रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर काढली, आता निवृत्त आहे. यंत्राचे मला फारसे कळत नाही, परंतु अडवलेला कॉल जिच्याकडे येणार त्या मुलीच्या बाजूने लिहिते.

तिच्या पडद्यावर केवळ बाहेरचा क्रमांक दिसून उपयोग नाही, समोरच्याने कोणती खोली मागितली होती तेही दिसले पाहिजे. फोन करणारा बहुधा गावाकडचा असतो. त्याने चिठ्ठीवर ३१२ एवढेच लिहून घेतलेले असते आणि त्याचा माणूस त्या खोलीत नाही हे त्याला ठाऊक नसते. रुग्ण घरी गेलेला असू शकतो, आयसीयूत हलवलेला असू शकतो, आणि कधीकधी गेलेलाही असतो. म्हणून ‘ती खोली रिकामी आहे’ हे वाक्य बोर्डावरून कधीही उच्चारू नये. आयसीयूत आणलेल्या माणसाच्या भावाला ते कसे ऐकू येते, हे मी एकदा अनुभवले आहे. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही आणि मग फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर आम्ही ‘थांबा, पाहून जोडून देते’ एवढेच म्हणू लागलो, रुग्णाचे पूर्ण नाव आणि गाव विचारू लागलो आणि ते जुळले तर कॉल त्या मजल्याच्या सिस्टरकडे देऊ लागलो. काय सांगायचे ते सिस्टर ठरवतील.

आणि ध्वनिफितीत ‘हा क्रमांक सेवेत नाही’ असले काही ठेवू नका, ही विनंती.

मिशिगनवासी

येथे अमेरिकेत ज्या रुग्णालयात मी दूरध्वनी विभागात काम करतो, तिथे खोल्यांना स्वतःचे थेट क्रमांक आहेत, त्यामुळे अडवणूक आणखी निकडीची होते. भर एवढीच घालतो, की खोलीच्या दोन नव्हे, तीन अवस्था धराव्यात. हिपा कायद्याखालील गोपनीयता नियमांप्रमाणे रुग्णाला रुग्णालयाच्या नामसूचीतून आपले नाव वगळून घेता येते. तसे केल्यास नावाने चौकशी करणाऱ्याला तो इथे आहे हेही सांगितले जात नाही. तेव्हा ‘भरलेली, पण बाहेरचे कॉल नकोत’ ही तिसरी अवस्था. तुमच्याकडे असा नियम लागू नसला तरी दोन दिवसांपूर्वी बाळंत झालेल्या आईला झोपू देण्यासाठी ती उपयोगी पडेल.

तिसरा_मजला

सर्वांचे आभार. पीआरआयच्या कॉन्टेक्स्टमधील अट, हाउसकीपिंगच्या नोंदीवर बंद आणि भरतीवर चालू, अशी मांडणी चार दिवसांपासून केवळ तिसऱ्या मजल्यावर लावली आहे. अडवलेल्या कॉलच्या नावापुढे मागितलेली खोली जोडली, त्यामुळे ऑपरेटरला आता ‘३१२ हवी होती’ असे दिसते.

दुसऱ्याच रात्री एक प्रकार घडला. ३०८ मधील एसी गळू लागला म्हणून सिस्टरांनी दोन वाजता रुग्णाला ३१५ मध्ये हलवले. एचआयएसमधील नोंद झाली सकाळी आठला, तोपर्यंत ३१५ चा फोन बंदच होता. म्हणून नर्सिंग स्टेशनच्या फोनला दोन कोड दिले आहेत: *७१ आणि खोलीचा क्रमांक दाबल्यास फोन उघडतो, *७२ दाबल्यास बंद होतो. आतापर्यंत *७१ पाच वेळा वापरला गेला आहे. *७२ ला अजून कोणी हात लावलेला नाही.