मदत हवी आहे: दुरंगी वेलींचा पांढरा रंग एकीकडे करपतोय, दुसरीकडे हिरवा होतोय

नमस्कार मंडळी.

मी इंदूरची. लोकमान्य नगरच्या जवळ तिसऱ्या मजल्यावर राहते. बैठकीच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे आणि मागे पश्चिमेची गॅलरी. तीन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने मार्बल क्वीन मनी प्लांटची वीतभर फांदी दिली आणि तिथून मला दुरंगी पानांच्या, खाली लोंबणाऱ्या वेलींचं वेड लागलं. आता घरात सतरा टांगत्या कुंड्या आहेत (इकडे आम्ही मराठी माणसंही सर्रास गमलाच म्हणतो). मार्बल क्वीन, एन्जॉय, मंजुळा (तिन्ही मनी प्लांटचेच प्रकार), तीन झेब्रिना, चंदेरी ठिपक्यांचा सॅटिन पोथॉस, पांढऱ्या काठाची होया, आणि कुरिअरने मागवलेली गुलाबी-पांढऱ्या पानांची स्ट्रिंग ऑफ हार्ट्स. बाकीच्या यांच्याच फांद्या लावून केलेल्या.

सकाळी उठल्यावर मी आधी यांच्यापाशी जाते. नवं पान सुरळीसारखं गुंडाळलेलं असतं तेव्हा त्यात पांढरं किती उतरलंय ते कळत नाही, उलगडल्यावरच दिसतं. दोन पानं कधी सारखी निघत नाहीत. म्हणूनच आता जे चाललंय ते बघवत नाही.

अडचणी दोन आहेत आणि दोन्ही उलट दिशेच्या.

पहिली मार्बल क्वीनची. आली तेव्हा पानांवर दूध सांडल्यासारखं दिसायचं. गेल्या वर्षी तिला पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं, खिडकीपासून दहा-बारा फुटांवर. वेल छान लांबली, पण शेवटची नऊ पानं जवळपास पूर्ण हिरवी आहेत.

दुसरी अडचण मंजुळा आणि एन्जॉयची. या दोघी खिडकीशी आहेत, सकाळचं ऊन पडदा लावून गाळून देते. एप्रिलच्या सुरुवातीपासून पानांचा पांढरा भाग कडेने तपकिरी होऊन कागदासारखा वाळतोय. हिरवा भाग बराच वेळ धड असतो. आता झेब्रिनाच्या टोकांनाही तेच होतंय. स्ट्रिंग ऑफ हार्ट्सला मात्र काहीही झालेलं नाही. ती पलंगाशेजारी असते, तिचं सगळं मी स्वतः बघते, माठात उरलेलं पाणी दहा-बारा दिवसांनी एकदा घालते.

एका नर्सरीवाल्याने सांगितलं, ऊन कमी पडतंय. दुसऱ्याने फोटो बघून सांगितलं, ऊन जास्त होतंय. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून चमचाभर रासायनिक खत घातलं, तर आठवड्यात आणखी पानं गेली. रोज पाण्याचे फवारे मारले, फरक नाही.

माती: अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग परलाइट (हलके पांढरे खडे), पाव भाग गांडूळखत. काळी माती अजिबात नाही. कुंड्यांना खाली भोकं आहेत. पाणी बोट खुपसून, वरचं दोन इंच कोरडं झालं की देतो. घरात एसी नाही, कूलर आहे. सध्या बाहेर ४२ अंश आहे, खोलीत दुपारी ३४-३५.

आणखी एक. सासूबाईंचं म्हणणं आहे की मनी प्लांटची वेल खाली सोडू नये, वर चढवावी. मी त्यांचं मन मोडू इच्छित नाही, पण खाली झुलणाऱ्या वेली हाच माझा जीव आहे. यातून काही मार्ग असला तर तोही सांगा.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, आधी लाल कोळी ही कीड नाही ना बघा. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडले आणि चालायला लागले तर तोच. कोरड्या उन्हाळ्यात हमखास येतो. पिठ्या ढेकूण असेल तर देठाच्या बेचक्यात कापसासारखं दिसेल.

मार्बल क्वीनला उजेड कमी पडतोय, यात शंका नको. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी हात धरा. हाताची सावली नीट उमटत नसेल तर ती जागा दुरंगी वेलीसाठी अंधारी आहे, आपल्या डोळ्यांना कितीही उजळ वाटली तरी.

धागाकर्ती

टिचकी मारून पाहिलं, सतराही कुंड्या. काही नाही. कापूसही नाही. कपाटावर हाताची सावली खरंच पडत नाही, खिडकीशी स्वच्छ पडते. मार्बल क्वीनला आजच खिडकीच्या बाजूला आणलं. पण मग खिडकीशी असलेल्या मंजुळाचं पांढरं का जळतंय?

प्रतिसाद २ (बडोदा)

ताई, मी सत्तरीला आलोय, घरात आणि गच्चीवर पंचवीसेक वर्षं वेली वाढवतोय. तुमच्या दोन अडचणींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकच उपाय शोधलात तर एक सुधारेल आणि दुसरी बिघडेल.

हिरव्याचं आधी सांगतो. मार्बल क्वीनच्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी नांदतात, हरितद्रव्य असलेल्या आणि नसलेल्या. हिरव्या पेशी अन्न तयार करतात, पांढऱ्या त्यांच्या जिवावर जगतात. उजेड कमी पडला की हिरव्या पुढे निघून जातात, आणि एकदा शेंडा पूर्ण हिरवा झाला की पुढे कितीही उजेड द्या, त्या शेंड्यातून पांढरं परत येत नाही. तेव्हा कात्री घ्या. देठ निरखून बघा, त्यावर पांढऱ्या रेघा असतात. ज्या पेराशी डोळ्याच्या बाजूला अजून पांढरी रेघ आहे, त्याच्या बोटभर पुढे कापा. फूट त्या डोळ्यातून येईल. डोळ्याची बाजू सगळी हिरवी असेल तर फूटही हिरवीच येणार, म्हणून पेर निवडताना घाई करू नका. कापलेली हिरवी फांदी पाण्यात लावा, ती साधा मनी प्लांट म्हणून आनंदाने जगेल.

झेब्रिना आणि सॅटिन पोथॉसला हा नियम लावू नका. त्यांची चांदी म्हणजे पानाच्या वरच्या सालीखाली असलेली हवेची पोकळी, तिच्यावरून उजेड परततो म्हणून चकाकते. खाली हिरवं असतंच.

आता जळण्याचं. तुम्ही सगळं लिहिलंत, माती लिहिलीत, किती पाणी ते लिहिलंत, पण पाणी कुठलं ते लिहिलं नाहीत. माठातलं पाणी पिणारी एकच कुंडी ठणठणीत आहे. बाकी सोळांना कुठलं पाणी जातं? आणि कुंड्यांच्या काठाला पांढरी भुकटी दिसते का?

धागाकर्ती

काका, तुमचा प्रतिसाद वाचून उठून बघून आले. सगळ्या मातीच्या कुंड्यांना काठाशी पांढरा थर आहे. मी आजवर तो चुना समजत होते.

पाणी सासूबाई घालतात, पहाटे, अगदी नेमाने. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. कूलरमध्ये बोरिंगचं पाणी भरतो. या वर्षी पाण्याची ओढ जास्त आहे, म्हणून कूलरच्या टाकीत सकाळी जे उरतं ते वाया न घालवता झाडांना देतो. मार्चअखेरीस कूलर सुरू झाला तेव्हापासून. म्हणजे एप्रिलच्या आधी. आता हे लिहितानाच माझ्या लक्षात येतंय.

प्रतिसाद २ (बडोदा)

तेच आहे ताई. हिशेब करून बघा. टाकी ५० लिटरची धरा. रात्रभरात ४० लिटर उडून जातं, सकाळी १० उरतं, तेच तुम्ही झाडांना देता. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणजे ५० लिटर पाण्यातले क्षार त्या १० लिटरमध्ये जमतात. थोडे जाळीला आणि टाकीच्या भिंतीला चिकटतात, तो पांढरा थर तुम्ही दर वर्षी खरवडत असाल. बाकीचे कुंडीत. त्यावर खताचा चमचा घातलात, म्हणजे आणखी क्षार. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणीही याच कारणाने वेलींना देऊ नये.

पान पाणी बाष्परूपाने सोडतं तेव्हा क्षार पानाच्या कडेला साठतात. म्हणून कड आधी जाते, आणि कडेतही पांढरा भाग आधी, कारण तो मुळातच दुबळा.

उपाय: प्रत्येक कुंडी मोरीत ठेवा आणि तिच्या चौपट-पाचपट पाणी सावकाश वरून ओता, खालून वाहू द्या. नर्मदेचं पाणी चालेल, पावसाचं सर्वांत उत्तम. तासाभराने पुन्हा एकदा. थाळीत साठलेलं पाणी फेका. पुढचे दोन महिने खत बंद. कोकोपीट नवं घेतलंत तर आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, नारळाच्या काथ्यात मुळातच मीठ असू शकतं. शेजारीपाजारी कुणाकडे एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी मागा. ते हवेतल्या ओलाव्याचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

खताबद्दल आणखी एक, कारण तुम्ही इंदूरच्या आहात. कंपोस्टची जी ‘इंदूर पद्धत’ जगभर ओळखली जाते ती तुमच्याच शहरात तयार झाली. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते, त्या कामातून ती आली. पावसाळ्यानंतर असं मुरलेलं कंपोस्ट मूठभर घाला, चमच्याच्या खतापेक्षा ते या वेलींना मानवतं.

आणि सासूबाईंचं म्हणणं वनस्पतिशास्त्राच्या बाजूनेही चुकीचं नाही. मनी प्लांट मूळचा झाडावर चढणारा वेल. आधार धरून वर गेला की पानं मोठी होत जातात, खाली लोंबला की लहान राहतात. एक मार्बल क्वीन काथ्याच्या खांबावर त्यांच्यासाठी चढवा. होया, झेब्रिना आणि स्ट्रिंग ऑफ हार्ट्स खाली सोडा, त्यांच्याबद्दल असं कुणी ऐकलेलं नाही.

प्रतिसाद ३ (नाशिक)

स्ट्रिंग ऑफ हार्ट्स वाचून राहवलं नाही. ही आपल्या कंदीलपुष्पाची सख्खी नातलग, दोघींची प्रजाती सेरोपेजियाच. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स दक्षिण आफ्रिकेची, मेडली वुड यांनी १८८१ मध्ये तिथे गोळा केली म्हणून तिच्या शास्त्रीय नावात (सेरोपेजिया वुडी) वुड आले. आपल्या सह्याद्रीत सेरोपेजियाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यातल्या काही फक्त इथेच सापडतात, काही फार थोड्या उरल्यात. तुम्ही जमवणाऱ्यांपैकी आहात म्हणून मनापासून विनंती, डोंगरातून उपटलेलं कंदीलपुष्प कुणी विकायला आणलं तर घेऊ नका.

घरात लहान मूल असेल तर मनी प्लांट त्याच्या हाताला लागणार नाही असा टांगा. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते. मांजरालाही तेच. आणि होयाला फूल येऊन गेलं की तो छोटा दांडा कापू नका, पुढच्या वेळी फुलं त्याच दांड्यावर येतात.

धागाकर्ती (जुलै)

सगळ्यांना कळवायला उशीर झाला, माफ करा. मेच्या अखेरीस सतरा कुंड्या मोरीत ठेवून धुतल्या. दोन दिवस लागले, नर्मदेचं पाणी आलं त्या दोन दिवसांत केलं. पहिल्या कुंडीखालून आलेलं पाणी चहासारखं तपकिरी होतं. पाऊस लागल्यावर गच्चीवर पिंप ठेवून पुन्हा एकदा धुतल्या.

सासूबाईंना कसं सांगावं याचं मला दडपण होतं. ज्या पाण्याचा एक तांब्या त्यांनी वाया जाऊ दिला नाही, तेच झाडांना बाधत होतं. मी काकांचा टाकीचा हिशेब त्यांना वाचून दाखवला. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खालच्या मजल्यावरच्या एसीच्या नळीखाली आमची बादली. आता पाऊस नसेल त्या दिवशी त्या ती बादली वर आणवून घेतात आणि कूलरचं पाणी गॅलरी धुवायला वापरतात. काथ्याचा खांबही आणला आहे, मार्बल क्वीनची एक फांदी त्यांनीच सुतळीने बांधली.

जळलेली पानं तशीच आहेत, ती भरून येणार नाहीत हे कळलंय. पण जूनमध्ये आलेलं एकही नवं पान कडेने गेलं नाही. मार्बल क्वीन सातव्या पेरापाशी कापली होती. डोळा फुगायलाच तीन आठवडे लागले, परवा पान उलगडलं. अर्धं पांढरं, अर्धं हिरवं, मधल्या शिरेवर सरळ रेघ मारल्यासारखं.

आता एक नवा प्रश्न. मंजुळाला बुडाशी एक फूट आली आहे, तिची तिन्ही पानं शुद्ध पांढरी आहेत, हिरव्याचा ठिपकाही नाही. इतकी देखणी आहे की हात लावावासा वाटत नाही. ठेवू का कापू?

प्रतिसाद २ (बडोदा)

ठेवा, पण वेगळी लावू नका. आईच्या वेलीला जोडलेली आहे तोवर हिरवी पानं तिला पोसतील. तोडून पाण्यात ठेवलीत तर मुळं धरतील कदाचित, पण स्वतःचं अन्न तिला करता येणार नाही आणि काही आठवड्यांत जाईल. मूळ वेल थकलेली दिसली, नवी पानं लहान यायला लागली, तर मात्र पांढरी फूट काढा. फोटो टाका, मला बघायची आहे.