शब्दचर्चा : ‘रेसिड्यू’ म्हणजे अवशेष, अंश, शेष की आणखी काही?

मजकूर : सूक्ष्म प्रमाणातले सेंद्रिय पदार्थ कसे शोधतात, यावरचा एक लेख मराठीत करते आहे. गाडं या वाक्याशी अडलं : ‘मृत गुरांच्या अवशेषांत डायक्लोफिनॅकचे अवशेष सापडले.’ पहिल्याच्या जागी कलेवर लिहून सुटता येतं. दुसऱ्याचं, म्हणजे ‘रेसिड्यू’चं, काय करावं? मी ‘अंश’ लिहिलं होतं. संपादकांचं म्हणणं, कोशात ‘अवशेष’ आहे तर तेच ठेवा. पुढे लेखात उत्खननातली खापरं आणि हाडंही येतात, म्हणजे तिथे पुन्हा हाच घोळ.

घार : अंशच ठेवा. अवशेष म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर तुकडा येतो, दिसणारी वस्तू येते. इथे मुद्दाच असा की ते दिसत नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर एक-दोन दिवसांत मेलं तर यकृत-मूत्रपिंडात औषध उरतं, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला तेवढं पुरतं. त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक आम्ल रक्तात साठतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शवविच्छेदनात हृदय, यकृत, मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. पाकिस्तानातल्या अभ्यासातून २००४ साली हे कारण सिद्ध झालं. शंभर कलेवरांत एकापेक्षाही कमी दूषित असलं तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असं नंतरच्या गणितातून निघालं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. एवढ्याशा मात्रेने एवढं होतं, हे ‘अंश’ या शब्दातून पोचतं.

द्रावक : घार, रसायनशाळेत ‘अंश’ आधीच दोन कामांना जुंपलेला आहे. मिश्रण वेगळं करायच्या स्तंभातून उतरणारा त्याचा एकेक वाटा म्हणजे अंश, आणि तापमानही अंशात. ‘४० अंशांवर तिसरा अंश आटवून अंश मोजला’ हे वाक्य कुणाला कळेल? द्रावक उडवून दिल्यावर चंबूच्या तळाशी जे राहतं, त्याला ‘शेष’ म्हणावं.

आणखी एक. ‘औषधाचा अंश’ म्हटलं की जे टोचलं तेच सापडलं, असं वाटतं. असेक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचं गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅक होतं. म्हणजे टोचलं एक आणि सापडलं दुसरं. भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली, पण असेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या तशाच औषधावर २०२३ साली. मधल्या काळातला अहवाल मराठीत आणताना ‘टोचलेल्या औषधाचा अंश’ लिहिलंत तर ते चूकच ठरेल.

बागाईतदार : द्राक्षपट्ट्यात कुणीही अवशेष म्हणत नाही. रेसिड्यू म्हणतात, ‘रेसिड्यू फ्री माल’ म्हणतात. छापील सल्ल्यात ‘उर्वरित अंश’ असतं. सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं रसायन) याच्यामुळे २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली, तेव्हापासून हा शब्द वाडीवस्तीवर पोचलाय. मर्यादा ठरवून दिलेली नसेल तिथे युरोपचा आकडा किलोला ०.०१ मिलिग्रॅम. ज्याला शेवटची फवारणी आणि काढणी यांतले दिवस मोजावे लागतात, त्याला नवा संस्कृत शब्द देऊन काय साधणार? रेसिड्यू मराठीच झालाय आता.

पाणिनीय : वापरात आहे म्हणून तो मराठी होत नाही. अवशेष हा शब्द हिंदी, गुजराती, कन्नड वाचकालाही कळतो आणि त्याची व्युत्पत्ती निर्मळ आहे. शिष् म्हणजे उरणे. त्यावरून शेष, अवशेष, विशेष, उच्छिष्ट. आपलं ‘उष्टं’ उच्छिष्टावरूनच आलं. शिष्यही याच कुळातला, गुरूमागे उरतो तो.

द्रावक : शिष्य नव्हे. तो शास् धातूवरून, ज्याला शिकवायचं तो.

घार : आणि ‘विशेष’चा अर्थ आज ‘उरलेलं’ असा कुणी घेतं का? धातू एक असला म्हणून शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

भिषक : वैद्यकात विशेषण घेऊन हा प्रश्न बराच सुटतो. लघवी झाल्यावर मूत्राशयात जी राहते ती ‘अवशिष्ट लघवी’. सोनोग्राफीत ती ५० मिलिलिटरच्या आत असली तर काळजी नसते, २०० च्या वर गेली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही असं धरतात. लघवी करून दहा मिनिटांत मोजली नाही तर मूत्रपिंडातून नवी उतरते आणि आकडा खोटा फुगतो. तेव्हा ‘अवशिष्ट औषध’ का नको?

खापर : अवशिष्ट चालेल, पण पुरातत्त्वात एवढ्याने भागत नाही. भांड्यातलं अन्न दोन तऱ्हांनी उरतं. आतल्या बाजूला जळून चिकटतं ती खरवड. मराठीत आयता शब्द असताना ‘पृष्ठस्थ दग्ध अवशेष’ कशाला? दुसरं म्हणजे मातीच्या छिद्रांत जिरलेली चरबी, ती डोळ्यांना दिसत नाही. तिला मी ‘मुरलेला स्निग्धांश’ म्हणते.

दोन्हींची तपासणी वेगळी. मुरलेल्यासाठी खापराचा वरचा एक-दोन मिलिमीटर थर आधी खरवडून टाकायचा, कारण त्यात मातीतली आणि हाताळणाऱ्यांची चरबी असते. मग साधारण दोन ग्रॅम भुकटी घेऊन दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉलमध्ये ध्वनिलहरींनी हलवायची. कोलेस्टेरॉलबरोबर स्क्वॅलीन, म्हणजे त्वचेच्या तेलातला एक पदार्थ, दिसलं तर ते बहुधा बोटांचं समजा. स्क्वॅलीन मातीत शतकानुशतकं टिकत नाही. थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं, दिसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीची. म्हणून खापर खणल्याबरोबर धुवायचं नाही, उघड्या हाताने धरायचं नाही आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचं.

मजकूर : खरवड घेतलीच. पण पुढे हाडांच्या परिच्छेदात असं वाक्य आहे : ‘कोलॅजेनमधला प्रत्येक तिसरा रेसिड्यू ग्लायसीन असतो.’ कोलॅजेन हे हाडांतलं प्रथिन, ग्लायसीन हे त्याच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल. इथे तर काहीच उरलेलं नाही!

द्रावक : उरलेलं आहे. अमिनो आम्लं जोडली जाताना प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू निघून जातो. ग्लायसीनचा रेणुभार ७५, पाण्याचे १८ वजा जाता ५७. साखळीत राहतो तो हा ५७ चा तुकडा. इथे मी ‘घटक’ लिहीन. अवशेष लिहिलं तर ‘हाडांच्या अवशेषांतल्या कोलॅजेनचा तिसरा अवशेष’ असं होऊन बसेल.

पाणिनीय : घटक म्हणजे कुठलाही भाग. पाणी गेल्यावर राहिलेला, हा अर्थ त्यात कुठे आहे? शेष लिहा, ‘ग्लायसीन-शेष’.

द्रावक : ‘ग्लायसीन-शेष’ वाचून ग्लायसीन संपत आल्यासारखं वाटतं.

खापर : दख्खनच्या हाडांत कोलॅजेनच पुष्कळदा संपत आलेलं असतं, उष्णतेने. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात हाडातलं खनिज विरघळवून कोलॅजेन वेगळं करतात, पण कार्बन-नत्राचं अणुगुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं तर तो नमुना टाकून द्यावा लागतो. त्यावरून काढलेले आहाराचे निष्कर्ष भरवशाचे नसतात.

घार : नमुना वाया जाण्यावरून सांगते, मेलेल्या गिधाडाचे सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. त्यातल्या पाण्यात युरेटचे, म्हणजे साठलेल्या युरिक आम्लाचे, स्फटिक विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुरावाच दिसत नाही. त्यासाठी एक तुकडा निर्जल अल्कोहोलमध्ये ठेवायचा. औषधाच्या तपासणीसाठी यकृत आणि मूत्रपिंड वेगवेगळ्या पिशव्यांत घालून गोठवायचं.

बागाईतदार : खापरताई, खरवड भाताची आणि दुधाची. तूप कढवल्यावर तळाशी राहते तिला आमच्याकडे बेरी म्हणतात. भांड्यात तूप कढवलेलं होतं की मांस शिजवलेलं, हे ओळखता येतं का?

भिषक : आमच्याकडे तेला-तुपाच्या तळच्या गाळाला कीट म्हणतात.

घार : कीट काळं, चिकट. बेरी खाता येते.

खापर : बेरीच म्हणून ओळखता येत नाही. दूध की मांसाची चरबी, एवढं कधीकधी कळतं. चरबीतली पामिटिक आणि स्टिअरिक ही दोन आम्लं वेगळी करून दोन्हींतल्या जड कार्बनचं (कार्बन-१३) प्रमाण मोजायचं. स्टिअरिकचा आकडा पामिटिकपेक्षा हजारी ३.१ हून जास्त खाली असेल तर दुधाची चरबी धरतात. ती रेषा मुळात युरोपातल्या गुरांवरून आखलेली आहे. आपली गुरं ज्वारी-बाजरीचा कडबा खातात, त्यातला जड कार्बन गवताळ कुरणांपेक्षा फार वेगळा. म्हणून इथल्या गाई-म्हशी-शेळ्यांचं तूप आणि चरबी आधी मोजून घ्यावी लागते. आणि एकाच भांड्यात कधी दूध, कधी मांस शिजलं असेल तर आकडा मधोमध येतो, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मजकूर : म्हणजे डायक्लोफिनॅकसाठी अवशिष्ट की उर्वरित अंश?

पाणिनीय : अवशेष.

बागाईतदार : खापरताई, म्हशीच्या आणि गाईच्या तुपात फरक कळतो का तसा?