ब्लॉक बदलून सायकल मार्ग सुधारत नाही

सायकल मार्गावरच्या पेव्हर ब्लॉकबद्दल (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) ‘दरवर्षी ब्लॉक बदलतात तरी मार्ग खचतोच, म्हणजे मालच निकृष्ट’ असं म्हटलं जातं. ब्लॉक फुटलेला नसेल तर दोष बहुतेक वेळा खाली असतो. दाबून झाल्यावर ब्लॉकखाली 25 ते 40 मिमी वाळू राहायला हवी. खोलगट जागी खडी भरून ठोकण्याऐवजी जाडच्या जाड वाळू ओतली जाते. पावसात ती बसते आणि ब्लॉक परत डुगडुगतो. कडेचा कर्ब (ब्लॉकची रांग धरून ठेवणारा दगड) सुटला असेल तर आधी तो काँक्रीटमध्ये पक्का करा, नाहीतर रांग बाहेर सरकते, सांधे उघडतात, वाळू वाहून जाते. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्याने ब्लॉक दाबून बसवणारं यंत्र) फिरवायचा, आणि परत वाळू भरायची. ही दुसरी फेरी हमखास गाळतात, कारण बिल मंजूर होताना ती दिसत नाही!

मार्गातल्या पावसाळी पाण्याच्या चेंबरवरच्या जाळीचंही बघा. फटी जाण्याच्या दिशेला समांतर असतील तर बारीक टायर थेट आत अडकतं. जाळी चौरस असेल तर उचलून काटकोनात फिरवली की काम झालं, खर्च शून्य. तक्रारीत नुसतं ‘मार्ग खराब’ लिहू नका. जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक आणि खड्ड्यात मोजपट्टी उभी धरून काढलेला फोटो जोडा.