मदत हवी आहे: तक्रार करायची, पण कुणाकडे?

धाकटा भाऊ नशा करतोय. उशीखाली फॉइलचा तुकडा सापडला, खालून जळून काळा. अंधाऱ्या खोलीतही डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. म्हणजे अफूच्या जातीचंच काहीतरी असणार.

माल कोण विकतं हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. शेजारच्या काकांनी नाव न सांगता ठाण्यात फोन केला, तर संध्याकाळी विकणाराच त्यांच्या दारात हजर! हप्ता कुठवर पोचतो ते कळलं. आता 'खबऱ्या कोण' म्हणून जो तो एकमेकांकडे बघतोय, माझ्याकडेही.

स्थानिक ठाणं टाळून थेट वरिष्ठांकडे लेखी तक्रार कुणी केली आहे का? नाव खरंच गुप्त राहिलं? घरात नालोक्सोन (अफूच्या जातीच्या नशेचा जीवघेणा अतिरेक झाला तर तो उतरवणारं औषध) ठेवावं म्हणतात, पण त्याचा असर तासाभरात ओसरू शकतो. मग आधी भावाला उपचाराला हलवू की आधी तक्रार करू?