वाळवंटात विमानाच्या तोफेला तेल किती? मी म्हणते, जवळजवळ नाहीच

सह्यवारा
कोरड्या लोखंडावरची धूळ फडक्याने पुसता येते, दाबाच्या हवेने उडवता येते. तेलात बसलेली धूळ तशी निघत नाही. तोफ चालू झाली की तीच धूळ प्रत्येक फटक्यासरशी आतलं पोलाद खरवडत राहते. म्हणून माझं मत असं, की राजस्थानातल्या तळांवर लढाऊ विमानांच्या तोफांना तेलाचा हात जेमतेम लागावा, आणि तोही उड्डाणाआधी कोरड्या कापडाने पुसून घ्यावा.

हा अनुभव जुना आहे. १९४० ते १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची हरिकेन, किटीहॉक विमानं इजिप्त-लिबियातल्या उघड्या मैदानांवरून उडत होती. ट्रक आणि विमानांच्या चाकांखाली जमिनीचा वरचा थर तुडवला जाऊन त्याची बारीक भुकटी व्हायची. इंजिनात ती जाऊ नये म्हणून हरिकेनच्या नाकाखाली मोठा फिल्टर बसवला. त्याने विमानाचा वेग कमी झाला, तरी तो ठेवला! पंखातल्या मशीनगनांची तोंडं कापडी पट्टी चिकटवून बंद करत, पहिली गोळी ती पट्टी फाडून बाहेर पडे.

याउलट इटलीच्या पायदळाची ब्रेडा ३० बघा. त्या लाइट मशीनगनमध्ये काडतुसांना तेल लावायची सोय मुद्दाम केलेली होती. त्याच वाळवंटात ते तेल धूळ धरायचं आणि ऐन वेळी बंदूक अडकायची.

ओझरकर
ताई, कळकळ पोचली, पण मत पटलं नाही. हवाई दलात आर्मरर, म्हणजे विमानाची शस्त्रं सांभाळणारा, म्हणून नोकरी केली, वाळवंटातही राहिलो.

ब्रेडाचा दाखला हंटर किंवा जॅग्वार या लढाऊ विमानांच्या तोफेला लागू पडत नाही. त्यांची तोफ एडन नावाची, ३० मिमीची, काडतूस बसायची पाच घरं असलेल्या फिरत्या चेंबरची. मिनिटाला बाराशेच्या वर राउंड (गोळे), म्हणजे सेकंदाला वीस तरी. त्या वेगाने पुढेमागे होणारे भाग कोरडे ठेवलेत तर धूळ नसली तरी ते एकमेकांना खातात.

दुसरं, दव. डिसेंबरात तिकडे रात्री हाडं गोठवणारी थंडी असते. धातू गार पडतो आणि पहाटे ओलावा धरतो. तुमच्या पद्धतीने पुसून ठेवलेल्या कडेवर सकाळी तांबूस झाक दिसेल. जामनगरच्या खाऱ्या हवेतून विमान पोखरणच्या गोळीबार सरावाच्या रेंजवर आलं असेल तर विचारायलाच नको.

खरा दोष तेलावर तेल चढवण्यात आहे. नळीतून पांढरं कापड ओढून काढा. काळं-करडं आलं तर जळलेल्या दारूची काजळी. पिवळसर-तपकिरी आलं आणि बोटांत चोळल्यावर करकरलं तर धूळ. मग आधी धुवायचं, वाळवायचं, आणि त्यानंतरच नवीन तेलाचा पातळ हात. हे धुणं टाळून वरून तेल चोपडणाऱ्या पोराला मी कधी सोडलं नाही.

रणगाडा
दोघांचाही आदर ठेवून विचारतो, क्षेपणास्त्रांच्या काळात एवढी मेहनत कशासाठी? आता तोफेचा उपयोग परेडपुरता. ते मनुष्यबळ क्षेपणास्त्रांच्या देखभालीला लावा.

केतकी_पुणे
रणगाडा, हाच विचार अमेरिकेने केला होता. त्यांचं फँटम हे लढाऊ विमान आधी आतल्या तोफेशिवाय बनवलं. व्हिएतनाममध्ये चटके बसल्यावर पोटाखाली तोफेचा पॉड (वेगळा डबा) लटकवला आणि पुढे फँटमच्याच एफ-४ई या आवृत्तीत नाकातच तोफ घातली. आणि राजस्थान सीमेवरचं लोंगेवाला? ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटरनी रॉकेटं आणि तोफा दोन्ही चालवल्या. रात्रभर चौकी लढवणाऱ्या मेजर चांदपुरींच्या जवानांना आकाशातून आलेली ती मदत तुम्ही परेडपुरती म्हणाल का?

बाकी, तेलाच्या वादात हंटरची रचना विसरू नका. चारही तोफा आणि त्यांचा दारूगोळा एकाच चौकटीत बसवलेला. चौकट खाली उतरवायची, भरलेली दुसरी वर चढवायची, विमान पुन्हा सज्ज. म्हणजे तोफ उघडायचं नाजूक काम वाऱ्यावर करायची गरज नाही, बंद शेडमध्ये करता येतं. माझ्या मते तेल कमी की जास्त यापेक्षा तोफ कुठे उघडता हे जास्त महत्त्वाचं.

ओझरकर
केतकीताई, शेडचं बोललात ते सोळा आणे खरं. पण त्या चौकटीबरोबर नळ्या उतरत नाहीत, त्या विमानातच राहतात. चौकट बदलताना विमानाचं पोट उघडं असतं आणि वारा काही आपल्यासाठी थांबत नाही. ताडपत्रीचा आडोसा लागतोच. तोंडांची झाकणं विमान उभं राहताक्षणी लावायची. चहा पिऊन आल्यावर लावलीत तर तोवर व्हायचं ते झालेलं असतं.

सह्यवारा
काका, धुण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी शब्दशः घेते. पण माझा मुद्दा तिथेच पक्का होतो. तुमची शिस्त पाळणारा माणूस असेल तर पातळ हात पातळच राहील. युद्धाच्या धबडग्यात, दिवसाला कितीतरी फेऱ्या होत असताना, धुणं पहिलं गळतं आणि तेल तेवढं राहतं. अशा वेळी नियम कोरडेपणाकडे झुकलेला बरा. शिवाय एडनचं काडतूस विजेने पेटतं. काडतुसाला वीज देणाऱ्या टोकावर धुळकट तेलाचं पुट बसलं तर राउंड पेटणारच नाही, त्याचं काय?

रणगाडा
केतकीताई, लोंगेवाल्याचं मान्य. पण ते ५० वर्षांपूर्वीचं. आजचा शत्रू खाली येऊ देणार नाही, या मतावर मी ठाम आहे.

ओझरकर
ताई, ते टोक कोरडं आणि स्वच्छच हवं, राउंडही कोरडे हवेत. बेल्ट, म्हणजे काडतुसांची माळ, भरताना प्रत्येक लिंक (जोडकडी) आणि काडतूस पुसून घ्यायचं, आणि भरलेला बेल्ट जमिनीवर टेकवायचा नाही. इथवर तुमच्या बाजूने. पण चेंबर फिरवणारा पुढेमागे सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, कोरडी ठेवा म्हणाल तर नाही. युद्ध असो, फेऱ्या कितीही असोत. धुवायला माणूस कमी पडत असेल तर माणूस वाढवून मागा, स्लाइडचं तेल तोडू नका.